सैल पडलेल्या बाह्या

आप्पांच्या खाकी शर्टाच्या बाह्या आईला दर वर्षी उसवून पुन्हा शिवाव्या लागत. गणवेशाचं कापड सरकारातून यायचं, शिंपी माप घेऊनच शर्ट शिवायचा, तरी आप्पांनी जोर लावला की दंडापाशी टाके तटतट तुटायचे. आई सुई-दोरा घेऊन बसायची आणि म्हणायची, "ह्यास्नी बाह्याच नगं शिवू म्हनावं." त्यात तक्रार कमी आणि कौतुक जास्त असायचं. त्यामुळे एका सकाळी आप्पा सायकलवर बसून निघाले आणि वाऱ्यानं त्यांच्या दोन्ही बाह्या फडफडायला लागल्या, तेव्हा मला आधी वाटलं, यांनी चुकून दुसऱ्या कुणाचा शर्ट घातलाय. मग शर्ट त्यांचाच आहे हे दिसलं. मी हातातली बादली तशीच धरून अंगणात उभी राहिले.

आप्पा म्हणजे माझे वडील. पौडच्या रस्त्यावर आमचं गाव. तिथल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते नोकरीला होते. कागदोपत्री शिपाई, पण मुख्य काम जनावर धरण्याचं. शेतकरी आपले खोंड बडवायला, म्हणजे खच्ची करायला घेऊन येत. त्याशिवाय ते औताला धड चालत नाहीत. डॉक्टरांच्या हातात लोखंडी चिमटा असायचा आणि खोंड पाडून दाबून धरायचं काम आप्पांचं. ते दोराचे वेढे त्याच्या अंगाभोवती टाकत, पाय रोवून मागे ओढत, आणि ते धूड गुडघे मुडपून कुशीवर यायचं. इतर दवाखान्यांत या कामाला चार माणसं लागत. आमच्याकडे आप्पा आणि खोंडाचा मालक एवढे पुरत. ज्यांच्या घरी आम्हा बौद्ध वस्तीतल्या माणसांना ओसरीच्या पुढं जायला मिळत नसे, तेही निरोप धाडत, "मामा हायेत का आज? मंग खोंड आनतो." दवाखान्यातले साहेब आणि गावकरी सगळे त्यांना मामाच म्हणत.

ऐंशी सालाच्या आसपासची ही गोष्ट. मी डी.एड. करून गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले होते. आई-आप्पांना मी एकटीच. आप्पा तेव्हा चोपन्न-पंचावन्नचे असतील.

दुखणं त्या सकाळच्या वर्षभर आधी सुरू झालं होतं. आधी लघवीला त्रास, मग कंबर. खोंडानं कधीतरी लाथ मारली असेल म्हणून आई तेल चोळत राहिली. आप्पा अंथरुणातून भिंतीला धरून उठायला लागले, तेव्हा त्यांचे साहेब, म्हणजे दवाखान्याचे डॉक्टर, स्वतः त्यांना पुण्याच्या सरकारी इस्पितळात घेऊन गेले. तपासण्या झाल्या, कंबरेचे फोटो काढले. दुसऱ्या खेपेला मी बरोबर होते. सर्जननी दारात येऊन विचारलं, "यांच्या घरातलं शिकलेलं कोण आहे?" मी पुढे झाले.

सर्जन पन्नाशीचे होते. माझ्यासारख्या तरुण मुलीशी हे बोलायचं त्यांनाही अवघड जात होतं, म्हणून ते टेबलावरच्या कागदाकडे बघत बोलले.

"मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तिचा कॅन्सर आहे. हाडांपर्यंत पोचलाय, म्हणून कंबर दुखते."

ते पुढे म्हणाले, "पुरुषाच्या अंगात एक रस तयार होतो, हार्मोन म्हणतात त्याला. हा कॅन्सर त्या रसावर पोसतो. तो बंद केला की रोग दबतो. त्यासाठी दोन्ही वृषणं काढावी लागतील. नंतर काही दिवस गोळ्या."

"आणि नाही काढली तर?"

"तर थोडे महिने."

"काढली तर?"

"तर बहुतेक वर्षं. किती, ते मला सांगता येणार नाही."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर रोग्याची सही आणि खाली नातेवाइकाची. मी तो घेऊन बाहेर आले. आप्पा लाकडी बाकावर एका कुशीला कलून बसले होते, सरळ बसवत नव्हतं. आई नळावर पाणी आणायला गेली होती.

"काय म्हनलं?"

"ऑपरेशन करायचं म्हणतात."

"कशाचं?"

वडिलांपुढं जो शब्द मी जन्मात उच्चारला नव्हता, तो मला तेव्हाही उच्चारता येईना. मी म्हटलं, "खालचं."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग समोरच्या भिंतीकडे.

"दोनीबी काडनार?"

मी मान हलवली.

"म्हंजी बडवनार मला."

शेतकऱ्याला मंगळवारी खोंड घेऊन ये सांगावं, तशा आवाजात ते म्हणाले. पण त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले होते. आयुष्यभर त्यांनी जनावरांच्या डोळ्यांत जे बघितलं असेल, ते त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत होतं. मी नजर वळवली. त्यांनी पेन मागितलं, गुडघ्यावर कागद ठेवून सावकाश सही केली, आणि खाली मी केली. माझं अक्षर शाळेत सगळ्यांत चांगलं म्हणायचे. त्या कागदावर ते मला ओळखू आलं नाही.

आईला मी नळापाशी गाठून सांगितलं. तिनं कळशी खाली ठेवली, पदरानं हात पुसले.

"मानूस ऱ्हाईल ना?"

"डॉक्टर राहील म्हणतात."

"मंग काडा म्हनावं." एवढं बोलून तिनं कळशी पुन्हा उचलली. त्यानंतर त्या ऑपरेशनाविषयी ती माझ्याशी कधी बोलली नाही.

ऑपरेशन झालं आणि चारच दिवसांत कंबरेचं दुखणं थांबलं. आप्पा न कण्हता कुशीवर वळले तेव्हा आई बाहेर जाऊन रडून आली. गावात आम्ही हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. आप्पांनी मला आणि आईला समोर बसवून बजावलं होतं, "ही गोष्ट घराभाईर गेली तर मी पुन्यांदा दवाखान्यात पाय ठिवनार न्हाई." त्यांनी खरंच नोकरी सोडली असती. आमच्याकडे हॉटेलात बसून माणसं एकमेकांना जी शिवी हसत हसत देत, ती याच गोष्टीवरची होती. खरं फक्त साहेबांना ठाऊक होतं आणि त्यांनी तोंड मिटून ठेवलं.

दोन महिन्यांनी आप्पा कामावर गेले. मधेच त्यांना दरदरून घाम फुटायचा, छाती सुजून दुखायची म्हणून ते आत दोन बनियन घालायचे. एवढं होणार हे इस्पितळात सांगितलं होतं. अंगातली ताकद जाईल असं कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि कॅन्सर या शब्दापुढचं मला काही ऐकू आलं नसेल.

बाह्या फडफडल्या त्या सकाळपासून मी आप्पांवर पाळत ठेवल्यासारखी वागायला लागले. पूर्वी ते पाण्यानं भरलेला तांब्याचा हंडा एका हातानं चुलीवरून उतरवत. आता दोन्ही हातांनी धरून आधी कट्ट्यावर टेकवत आणि तिथं थोडे थांबत. जेवून उठताना एक हात जमिनीला आणि एक भिंतीला. एकदा पिरंगुटच्या बाजारातून येताना एस.टी.च्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून ते तसेच राहिले. मागच्या बाईनं "चला की मामा" म्हटल्यावर त्यांनी दांडी धरून स्वतःला वर खेचलं. पोट मात्र पुढे आलं होतं, चेहरा गोल झाला होता, त्यामुळे भेटणारे म्हणत, "मामा, तब्येत सुधारली की!" आप्पा हसून मान डोलवत.

एका रविवारी दुपारी ते ओसरीवर झोपले होते. मी आईची शिवणाची टेप घेऊन त्यांचा दंड मोजला. आकडा कशाशी ताडून बघायचा तेच कळेना, कारण आधी कधी कुणी मोजलंच नव्हतं. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजला तेव्हा अर्धा इंच कमी भरला. मांडी मोजायला टेप खाली सरकवली आणि आप्पांनी डोळे उघडले.

"शर्टाचं माप घेतीस का तिरडीचं?"

मी टेप मुठीत लपवली. "असं का बोलता?"

"मंग काय बोलू? मलाबी डोळं हायेत. आंगुळ करताना दिसतंय मला." त्यांनी डावा हात वर केला आणि उजव्या हातानं दंडाखालचं सैल कातडं चिमटीत धरून दाखवलं. "म्हसरू आजारी पडलं की आसंच व्हतंय. आदी मागचा पुट्टा बसतोय."

कॅन्सर माणसाला आतून खातो, असं सगळे म्हणायचे. तो आप्पांना खात होता आणि आम्ही बघत होतो, याविषयी मला शंकाच राहिली नव्हती. इस्पितळाची पुढची तारीख तीन महिन्यांवर होती. आधी जाता आलं असतं. मी नेलं नाही. आज लिहिताना याची लाज वाटते, पण खरं तेच आहे: सर्जन काय सांगतील ते ऐकायची मला हिंमत नव्हती. न ऐकलेलं होत नाही, असं काहीतरी माझ्या मनानं धरलं होतं. रोज वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावायचे आणि मी खिडकीतून दवाखान्याच्या वाटेकडे बघत बसायचे, कुणी धावत निरोप घेऊन येतंय का म्हणून.

मग शाळेच्या पटांगणात जनावरांचं शिबिर झालं. लस टोचायची होती आणि ज्यांना खोंड बडवून घ्यायचे त्यांनी आणायचे होते. सुगी आटपली होती, आसपासच्या गावांतून माणसं आली होती. शाळेला सुट्टी नव्हती, पण त्या गलक्यात शिकवणार काय? मुलं व्हरांड्याच्या कडेला ओळीनं उभी राहून बघत होती आणि मी त्यांना मागे सारत होते.

जवळच्या चांदे गावातून एका शेतकऱ्यानं तांबडा खोंड आणला होता. वशिंड चढलेलं, मान जाड, बडवायचं वय उलटून गेल्यावर आणलेला. साहेब म्हणाले, "मामा, याला चार माणसं घेऊ."

"कशाला?" आप्पा म्हणाले. सगळं गाव बघत होतं. "मी हाय न्हवं."

साहेब क्षणभर थांबले. तेव्हा त्यांनी अडवायला हवं होतं, असं ते मला नंतर स्वतःच म्हणाले. पण आप्पांनी दोर घेतलाही होता. वेढे टाकले, मालकानं म्होरकी धरली, आप्पांनी टाचा मातीत रोवल्या आणि ओढलं. खोंडाचे मागचे पाय मुडपले, मग पुढचे, तो कुशीवर आला. माणसं "हां!" म्हणाली. माझाही श्वास सुटला. साहेब चिमटा घेऊन वाकले. आप्पा मानेवर गुडघा देऊन, दोर मनगटाला पीळ घालून ताणून बसले होते, नेहमीसारखेच.

आणि मला त्यांचे हात थरथरताना दिसले. आधी मनगट, मग कोपर, मग खांद्यापर्यंत. दोर तसूतसूनं पुढे सरकत होता. ओरडावं म्हणून मी तोंड उघडलं, पण काय ओरडायचं? माझ्या बापाला धरा म्हणून?

खोंडानं मान उसळली. आप्पा बाजूला कोलमडले, दोर सुटला आणि ते जनावर उठलं. साहेब मागच्या मागे पडले, त्यांच्या अंगाखाली मनगट मुरगळलं. खोंड दोर फरफटत थेट व्हरांड्याकडे निघाला. मी दोन्ही हात पसरून मुलांना भिंतीशी रेटलं, माझ्या पाठीमागे पोरं किंचाळत होती, आणि त्याचा फुत्कार मला ऐकू आला. व्हरांड्याच्या पायरीपाशी दोर खांबाला अडकला, तो गर्रकन वळला, तोवर पाच-सहा जणांनी धावत येऊन त्याला धरलं.

कुणाला मोठी इजा झाली नाही. चांद्याचा शेतकरी मात्र संतापानं लाल झाला होता. "डाक्टर, पोरं मेली असती आज! तुमच्या मानसाच्या अंगात जीवच न्हाई राह्यला, दिसत न्हाई का तुमास्नी?"

आप्पा पटांगणाच्या मधोमध उकिडवे बसले होते. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते उठत नव्हते. मला आधी वाटलं लागलंय. जवळ गेले तेव्हा ते माझ्याकडे न बघता हळू म्हणाले, "उटता येईना, बाय. पाय वर येईनात."

मी त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. माझे विद्यार्थी, त्यांचे आई-बाप, सगळं गाव समोर होतं. ज्या माणसानं मला दहा वर्षांची होईपर्यंत खांद्यावरून ओढा पार करून नेलं, तो माझ्या हातांवर सगळा भार टाकून उभा राहिला. त्यांच्या मांड्या माझ्या मांड्यांना लागून लटलटत होत्या.

साहेबांनी आम्हाला माझ्या रिकाम्या वर्गात नेलं, दार लोटलं. त्यांच्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं. आप्पा मुलांच्या बुटक्या बाकावर बसले आणि त्यांनी साहेबांकडे बघितलं.

"साहेब, एक इचारू? बैलाला आपन बडवतो. तरी त्यो नांगूर वडतो, गाडी वडतो. त्याची ताकद जात न्हाई. मंग माजी का गेली?"

ते माझ्यासमोर हे बोलले. लपवायचं काही राहिलंच नव्हतं बहुतेक.

साहेबांनी मनगटावरचं फडकं घट्ट केलं. मग म्हणाले, "मामा, बैलाला आपण लहानपणी बडवतो. त्याचं अंग त्या रसाशिवायच वाढतं, आणि रोज जू ओढून ओढून तयार होतं. तुमचं अंग पन्नास वर्षं त्या रसावर पोसलं आणि तो एका दिवसात तोडला. मला वाटतं त्यानंच हे झालंय. पण मी जनावरांचा डॉक्टर. माणसाचं छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. दुसरंही काही असू शकतं." दुसरं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. "उद्याच पुण्याला जा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं निघालो. आप्पा खिडकीशी बसले होते. भूगाव मागे पडलं, चांदणी चौकाचा चढ आला. माझ्या डोक्यात एकच चालू होतं. आई एकटी आहे घरी. येताना आम्ही काय घेऊन येणार आहोत? आप्पांनी मधेच माझा हात धरला. "त्यास्नी म्हनावं, समदं माज्यासमोर सांगा," ते म्हणाले. "तुला आत न्हेऊन नगं."

सर्जननी आप्पांना टेबलावर निजवलं. गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, तळव्यावरून किल्लीचं टोक ओढलं, ठिकठिकाणी टाचणी टोचून विचारलं, "इथं लागतं? इथं?" शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला ते म्हणाले, "कण्यात दाब आला असला तर पाय जातात, म्हणून हे आधी बघायचं." आमच्यासाठी ते बोलले नव्हते, पण आम्ही दोघांनीही ऐकलं. त्यानंतर कंबरेच्या फोटोसाठी दोन तास थांबायचं होतं. त्या दोन तासांत आप्पा जागेवर बसल्या बसल्या पायाची बोटं हलवून बघत होते. थोड्या थोड्या वेळानं, पुन्हा पुन्हा. मी बघतेय हे लक्षात आलं की थांबायचे.

सर्जननी जुना आणि नवा फोटो उजेडासमोर शेजारी धरला.

"बाबा, रोग वाढलेला नाही. उलट दबलाय. कणाही ठीक आहे, पायांच्या नसाही ठीक आहेत."

"मंग मला खातंय काय?"

"उपचार." सर्जननी फोटो खाली ठेवले. "जो रस आपण बंद केला, तोच स्नायू भरतो. तो नसला की दंड, मांड्या उतरतात. सगळ्यांचेच थोडेफार उतरतात. मी तुम्हाला आधी नीट सांगायला हवं होतं."

"परत भरंल?"

"पूर्वीसारखं नाही. गोळ्या मी आता कमी करतो, पण ऑपरेशन झालं ते झालं."

मला वाटलं होतं आप्पांना हायसं वाटेल. मला तर वाटलंच. पण ते म्हणाले, "म्हंजी मी जगनार, पर आसा."

"असे जगाल," सर्जन म्हणाले. "हालचाल सोडू नका."

परत येताना गाडीत मला रडू आवरेना आणि आप्पा कोरड्या डोळ्यांनी बाहेर बघत होते. भीती संपली असं मी धरून चालले होते. त्यांची भीती तेव्हा फक्त जागा बदलत होती. ज्या कामावर त्यांचा सगळा मान उभा होता, ते काम आता त्यांना जमणार नव्हतं, आणि सरकार अशा माणसाला घरी बसवतं हे त्यांना माहीत होतं.

साहेबांनी त्यांना घरी बसवलं नाही. खोंड पाडायच्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यातली माणसं यायला लागली, आणि आप्पांकडे लसीची थंड पेटी आणि नोंदवही आली. पहिल्या दिवशी ते खुर्चीवर बसले तेव्हा पाठ टेकली नाही, काठावरच बसून राहिले. बाहेर खोंड पाडताना गलका झाला की त्यांचे हात वहीवर आपोआप आवळायचे, असं साहेबांनी मला सांगितलं. एकदा ते आप्पांना म्हणाले, "मामा, गोठ्यात बांधून ठेवलेला बैलही वाळतो, एवढं तर मी छातीवर हात ठेवून सांगतो." आप्पांनी ते घरी येऊन आईला सांगितलं.

आईनं ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं पाणी आणणं बंद केलं. दोन रिकाम्या कळशा आप्पांपुढं ठेवल्या. "माजं गुडगं दुकत्यात. पानी तुमी आना."

आप्पा चकित झाले. "गडीमानूस पानी आनतो व्हय?"

"आनतो. आर्धी भरून आना आदी."

आडावरच्या बायका हसल्या. दोन-तीन दिवस आप्पा मान खाली घालून गेले आणि आले, रस्त्यात कळशा टेकवत. मी शाळेला निघताना त्यांच्या मागे मागे चालायचे, पडतील या भीतीनं. आठवड्यानं अर्ध्याच्या पाऊण झाल्या. आई कोंबड्यांची अंडी विकायची, ती विकणं तिनं थांबवलं आणि रोज दोन उकडून त्यांच्या ताटात ठेवायला लागली. त्यांना ती आवडत नसत. ती समोर बसून खायला लावायची.

पावसाळा आला-गेला, आणि एके दिवशी जेवण झाल्यावर आप्पा भिंतीला हात न लावता उठले. तिघांनीही ते पाहिलं. कुणीच काही बोललं नाही, जणू बोललं तर पुन्हा जाईल. दंड मात्र पूर्वीचे झाले नाहीत. नवा शर्ट शिंप्यानं लहान मापाचा शिवला.

चार वर्षांनी एका संध्याकाळी गावातला एक मोठा शेतकरी आमच्या वस्तीत आला. त्याच्या घराची ओसरी मला लहानपणापासून माहीत होती, ओसरीपुढचं घर नाही. तो आमच्या घरात आला, चटईवर बसला, आईनं दिलेला चहा त्यानं घेतला. मी वह्या तपासत होते; जावं की थांबावं मला कळेना.

"मामा," तो म्हणाला, "तुमचं हार्न्याचं आप्रेशन झालतं नं?"

आप्पांनी दिव्याची वात वर केली.

"मला तपासलंय पुन्याला. लघवीचंच हाय. दोनी काडायचं म्हनत्यात." त्यानं हातातली बशी खाली ठेवली. "मी न्हाई जानार. मेलेलं बरं. पर तुमी... मला कुनीतरी म्हनलं, तुमचं हार्न्याचं न्हवतं."

आईनं चुलीपाशी हात थांबवला. हे घराबाहेर गेलं तर दवाखान्यात पाय ठेवणार नाही, असं म्हणणारा माणूस समोर बसला होता. आप्पांनी शर्टाची बटणं सोडली, एक हात बाहीतून काढला आणि उघडा दंड दिव्याच्या उजेडात धरला.

"न्हवतं हार्न्याचं," ते म्हणाले. "दोनीबी काडलं माजं. हे बग, आसं व्हतंय. ताकद जातीया, घाम फुटतुया, छाती बाईवानी व्हतीया. कुनी सांगनार न्हाई तुला, म्हनून मी सांगतुया. पर कंबर दुकायची थांबली. आनि चार वरसं मी हितं बसून जेवतुया."

"भ्या वाटतंय, मामा."

"मलाबी वाटलं. आजूनबी वाटतंय."

तो गेल्यावर आप्पांनी शर्ट घातला आणि बटणं लावायला त्यांना बराच वेळ लागला.

दहा-बारा दिवसांनी त्याचा निरोप आला, तुमी संगं येता का म्हणून. आप्पा गेले. ऑपरेशन झाल्यावर दर तीन महिन्यांनी ते दोघं सकाळच्या गाडीनं तपासणीला जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं यायचे. गाडी शाळेवरून जायची. ती दिसेपर्यंत माझं मन वर्गात नसायचं. दोघं उतरले की मी फळा पुसायला घ्यायचे.

तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी आप्पा एकटेच उतरले. "ठिवून घेतलंय त्याला," एवढंच म्हणाले. दोन आठवड्यांनी तो गेला. त्याच्या घरचे आप्पांना बोलवायला आले, आणि आप्पा त्या घरात पहिल्यांदा ओसरीच्या पुढं गेले. तिथून आल्यावर ते रात्रीचं जेवले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, "आता माजा नंबर."

त्यांचा नंबर आणखी दीड वर्षानं आला. कंबर पुन्हा दुखायला लागली आणि या वेळी औषध लागू पडलं नाही. शेवटच्या महिन्यात त्यांना कुशीवर वळवायला मी आणि आई अशा दोघीच पुरायचो. ते इतके हलके झाले होते. वळवताना ते विचारायचे, "जड तर न्हाई व्हत?" आणि आई म्हणायची, "लई जड हायेत तुमी."